लॅपटॉप मध्येच अडकतो, मध्येच बंद पडतो: दोनदा फॉरमॅट करूनही न गेलेली तक्रार

मी नागपूरला घरूनच डीटीपीचं, म्हणजे पत्रिका वगैरे संगणकावर छपाईसाठी तयार करायचं काम करते. गेल्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, लॅपटॉप पहिल्यांदा बंद पडला. समोर पत्रिका उघडी होती, 'चि. सौ. कां.'पर्यंत मजकूर बसवला होता, आणि फटकन स्क्रीन काळी. विंडोज कोलमडल्यावर कोडसकट येतो तो निळा पडदा नाही, 'शटिंग डाऊन' नाही, काही नाही. बटण दाबलं तर चालूच होईना. दहा मिनिटांनी आपणहून शहाण्यासारखा सुरू झाला.

दुकानात नेला. "ताई, विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल." मारला. चार दिवस उत्तम चालला, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा फॉरमॅट, सोबत अँटिव्हायरस. या वेळी सहा दिवस. तिसऱ्यांदा नेला तेव्हा त्यांनी तो दिवसभर काउंटरवर चालवून बघितला आणि तो एकदाही बंद पडला नाही. म्हणजे खोटी मीच.

त्या दुकानदाराचं तेव्हा काय चुकलं आणि माझं काय चुकलं, हे नंतर कळलं. तुमचा लॅपटॉपही असाच छळत असेल तर तेवढंच आधी सांगते: 'बंद पडतो' ही एकच तक्रार नसते. माझ्या लॅपटॉपला दोन आजार होते, आणि मी दोन्ही एकाच नावाने सांगत होते.

पुण्याला असलेल्या माझ्या दिरांना फोन केला. ते याच धंद्यात आहेत. ते म्हणाले, "वहिनी, आता काहीही बदलू नका, कुठला क्लीनर टाकू नका, अपडेट करू नका. आठवडाभर नुसतं लिहून ठेवा." मला ते टाळाटाळ केल्यासारखं वाटलं होतं, पण लिहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. वेळ, चार्जर लावला होता की नाही, काय उघडं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो गेला कसा. दोन नोंदी जशाच्या तशा देते (कोरल म्हणजे मी पत्रिका बनवते ते सॉफ्टवेअर):

"मंगळ. दु. २.१०. चार्जर चालू. कोरलमध्ये मोठी फाइल. पंखा ओरडत होता. फट् बंद. २.२५ ला सुरू झाला."

"बुध. रात्री ९.३०. फाइल सेव्ह करताना अडकला. माऊसपण हलेना. पंखा शांत. ६ मि. वाट पाहिली, मग बटण दाबून धरून बंद केला."

नऊ दिवसांत अशा अकरा नोंदी झाल्या. वाचायला बसले तर आपोआप दोन ढीग पडले. सहा वेळा दुपारी एक ते चारच्या दरम्यान, पंखा जोरात फिरत असताना, तो स्वतः बंद झाला होता. पाच वेळा दिवसाच्या कुठल्याही वेळी तो नुसता अडकला होता आणि बंद मी केला होता. बटण दाबणारी मी, आणि दुकानात सांगताना मात्र "बंद पडतो". डॉक्टरकडे जाऊन 'दुखतं' एवढंच सांगण्यातला प्रकार.

विंडोजही आपल्या परीने नोंद ठेवत असते. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' असं इंग्रजीत टाइप करून उघडा, डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्यात 'सिस्टिम'. तिथे लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली की लोक घाबरतात आणि हाच रोग समजून त्यावर उपाय शोधत बसतात. ४१ म्हणजे फक्त पंचनामा. मागच्या वेळी मशीन नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ. कशामुळे, ते त्यात नसतं. पण त्याच नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये दोन आकडे कामाचे आहेत. 'बगचेककोड' शून्याऐवजी काही दुसरं असेल तर निळा पडदा आला होता आणि तो कोड धरून पुढे जाता येतं. 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' शून्य नसेल तर कोणीतरी बटण दाबून धरलं होतं. दोन्ही शून्य असतील तर वीज एकदम तुटली किंवा मशीन पार गोठलं. माझ्या दुपारच्या सहाही नोंदींत दोन्ही शून्य होते. अडकण्याच्या बहुतेक नोंदींत बटणाचा आकडा होता. कॅलेंडर आणि लॅपटॉप, दोघांची साक्ष जुळली.

आता पहिला आजार. दुपार, पंखा, फटकन बंद, आणि थंड झाल्याशिवाय सुरू न होणं, हे वाचून तुम्हीही ओळखलंच असेल. उष्णता. प्रोसेसरचं तापमान दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, मी 'एचडब्ल्यूइन्फो' वापरलं. पत्रिकेची मोठी फाइल उघडून झूम करत राहिले तर चार मिनिटांत आकडा ९८ अंशांवर. माझ्या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, इंटेलच्या लॅपटॉपमधल्या बऱ्याच प्रोसेसरची तेवढीच असते. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून लॅपटॉप मठ्ठ होतो. तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन वीजच तोडतं. विंडोजला निरोप द्यायलाही सवड नसते, म्हणून पडद्यावर काहीच दिसत नाही.

लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं लिहिलेलं असतं. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ असताना आमच्या वरच्या मजल्यावरची खोली ३८ ला असते. दुकानात एसी होता आणि लॅपटॉप काचेच्या काउंटरवर होता. माझ्याकडे तो जाडसर टेबलक्लॉथवर, कूलरच्या अगदी तोंडाशी. दिवसभर तिथे का बंद पडला नाही, याचं उत्तर एवढं साधं होतं. तक्रार असेल त्या जागी, त्या वेळेला, त्या कामावर बघितल्याशिवाय 'चालतोय की' म्हणण्यात अर्थ नसतो.

कूलरबद्दल जरा थांबून सांगते, कारण विदर्भात हा प्रकार घरोघर आहे. कूलरसमोर आपल्याला गार वाटतं, लॅपटॉपलाही वाटत असावं असं आपण धरून चालतो. हवा खरंच गार असते, पण ती दमट असते आणि सोबत धूळ आणि गवताचे बारीक तुकडे आणते. लॅपटॉपचा पंखा ते सगळं खालून ओढून घेतो. ओल लागलेली धूळ उडून जात नाही, ती थापली जाते.

आधी मी बाहेरूनच जाळीवर ब्रश फिरवला आणि हेअर ड्रायरची गार हवा मारली. काडीचा फरक पडला नाही. शेवटी दिरांना व्हिडिओ कॉलवर बसवून मागचं झाकण उघडलं. वॉरंटी शिल्लक असेल तर हे करू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला द्या. माझी कधीच संपली होती. अकरा स्क्रू निघाले, त्यातले दोन रबरी पट्टीच्या खाली लपलेले. स्क्रूंची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर वरच्या बाजूला टोक निघतं, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या त्या जागी स्क्रू सेलोटेपने चिकटवले. झाकणाच्या खाचा सोडवायला जुनं एटीएम कार्ड पुरतं. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. बाकी सगळं त्यानंतर.

पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. इथेच फसायला होतं. पंखा सोडवून उचलला तेव्हा तो आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीच्या टोकाची बारीक जाळी यांच्या मधोमध राखाडी नमद्याची पट्टी बसलेली दिसली. चिमटीत धरून ओढली तर अखंड निघाली. त्यात धूळ, माझे केस आणि कूलरच्या गवताच्या काड्या स्पष्ट ओळखू येत होत्या. हवा बाहेर जायची वाटच बंद होती, पंखा बिचारा नुसता ओरडत होता. बाहेरून फुंकर मारली की ही पट्टी जागची हलत नाही, उलट आणखी घट्ट बसते.

ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या पट्टीकडे पोचवणारी थर्मल पेस्ट डबीत वाळलेल्या चुन्यासारखी पडली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही. तांब्याच्या पट्टीवर स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले होते. त्याच क्रमाने, थोडे थोडे करत आवळायचे, एकदम एका बाजूने नाही.

दुसऱ्या दिवशी तीच फाइल, तीच दुपार, तीच खोली. ८१ अंश. त्यानंतर तो आपणहून एकदाही बंद पडला नाही.

पण अडकायचा मात्र थांबला नाही. तिसऱ्याच दिवशी सेव्ह करताना गोठला आणि मला वाटलं, सगळी उठाठेव फुकट गेली. कॅलेंडर नसतं तर मी तसंच धरून बसले असते. कॅलेंडर सांगत होतं की एक ढीग संपलाय, दुसरा शिल्लक आहे.

लॅपटॉप अडकला की लगेच बटण दाबू नका, आधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतलं मशीन अजून जिवंत आहे, वरचं काहीतरी तुंबलंय. दिवाही हलत नसेल तर पार मुळापासून गोठलं. स्क्रीनच तेवढी थिजली असेल आणि मागे गाणं चालू असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, एक 'टिक' असा आवाज येतो, आणि पडदा परत आला तर दोष बहुधा त्याच ड्रायव्हरचा. माझ्याकडे दिवा लागत होता, पण काहीही उघडायला गेलं की ते नुसतं गोल गोल फिरत राहायचं. कान लावला तर हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने बारीक 'कट्... कट्' ऐकू यायचं.

पुन्हा इव्हेंट व्ह्यूअर. या वेळी ४१ च्या नोंदीकडे न बघता तिच्या आधीची पाच-दहा मिनिटं वाचली. तिथे पिवळ्या खुणेच्या नोंदींची रांगच होती: 'डिस्क १५३', म्हणजे डिस्कवरचं वाचन किंवा लेखन पुन्हा करून बघावं लागलं. मधेच 'स्टोरएएचसीआय १२९', म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट केलं. आणि एकदा लाल खुणेची 'डिस्क ७', म्हणजे खराब ब्लॉक. लाल नोंदीच वाचायच्या आणि पिवळ्या सोडून द्यायच्या, ही माझी सवय मोडली ती तेव्हापासून.

मग डिस्कची तब्येत दाखवणारं 'क्रिस्टलडिस्कइन्फो' टाकलं. वरती पिवळ्या चौकोनात 'कॉशन'. त्यात 'सी-५' या ओळीकडे बघा, 'करंट पेंडिंग सेक्टर'. म्हणजे डिस्कला जे तुकडे धड वाचता येत नाहीत त्यांची संख्या. माझ्याकडे शेवटी ३० दिसत होतं. पण हे सॉफ्टवेअर आकडे दहाऐवजी सोळाच्या हिशेबाने दाखवतं, तेव्हा ते ३० म्हणजे तीन सोळा, आपले ४८. विंडोजला नेमका त्यातला एखादा तुकडा हवा असला की डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि बाकी सगळे दारात उभे.

फॉरमॅट केल्यावर चार-सहा दिवस बरे का जायचे, हेही इथे उलगडलं. फॉरमॅटनंतर विंडोजच्या फाइली डिस्कवर नव्या जागी बसतात, खराब जागा काही दिवस वाट्याला येत नाही. क्विक फॉरमॅट तर डिस्क तपासतही नाही. जशा माझ्या पत्रिका आणि फोटो भरत गेले, तशी तीच जागा पुन्हा वापरात आली. दुकानदार खोटं बोलत नव्हता. तो घाईत होता.

इथे एक कळकळीची सूचना. डिस्कवर संशय आला की पहिलं काम बॅकअप. दुरुस्ती नंतर. इंटरनेटवर जो तो 'चेक डिस्क' (विंडोजचंच डिस्क तपासायचं साधन) चालवा असं सांगतो, पण मरू घातलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास चालतं, त्या ताणाखाली डिस्क कायमची जाऊ शकते आणि फोटो तिच्यासोबत. मी आधी ग्राहकांच्या चालू फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, मग मुलाचे फोटो, मग बाकीचं. तीन फाइली आल्याच नाहीत. त्यातली एक नेमकी एका मुंजीच्या आमंत्रणाची होती, ती रात्री बसून पुन्हा केली. मग जुनी हार्ड डिस्क काढून तिच्याच जागी बसणारी, आत फिरता भाग नसलेली अडीच इंची साटा एसएसडी बसवली आणि त्यावर नवं विंडोज टाकलं. तो तिसरा फॉरमॅट म्हणा हवं तर, पण तो टिकला.

तुमचा आजार या दोन्हींपैकी नसेल तर पुढे कुठे बघायचं ते थोडक्यात सांगते, कारण हे माझ्या हातून गेलेलं नाही, दिरांकडून ऐकलेलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं पाहिलेलं आहे.

दर वेळी निळा पडदा येतो आणि दर वेळी कोड वेगळा, असं असेल तर आधी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवणारी मेमरी. स्टार्टमधून 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवता येतं, पण एका फेरीत काही सापडलं नाही म्हणजे रॅम निर्दोष असं नाही. दोन पट्ट्या असतील तर एक काढून दोन दिवस चालवा, मग दुसरी. सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवल्यावर सुधारलेले लॅपटॉप मी पाहिलेत.

चार्जर काढला की ३०-४० टक्क्यांवरूनच बंद होत असेल तर बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' हे इंग्रजीत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असतानाची क्षमता) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आताची) शेजारी ठेवून बघा. टचपॅड वर उचललेलं किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर अहवालाच्या नादी लागू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि ती बॅटरी टोचायची-दाबायची नाही.

उलट चार्जर लावल्यावरच गडबड होत असेल तर अडॅप्टरच्या मागचं लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॉट. १९.५ गुणिले ३.३३ म्हणजे ६५. मूळ अडॅप्टर ६५ वॉटचा आणि बदली आणलेला ४५ चा, असं सर्रास असतं, पिन बसली म्हणून चालत नाही. पिन हलवली की दिवा लुकलुकत असेल तर जॅक सैल झालाय. शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपमध्ये तर मुंग्यांनी घर केलं होतं. कीबोर्डवर बसून लाडू खाणाऱ्या नातवाला अजून कोणी काही म्हणालेलं नाही.

दोष विंडोजचा की मशीनचा, हेच ठरत नसेल तर पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करा, 'ट्राय' निवडा, काही इन्स्टॉल करू नका आणि दोन-तीन तास वापरा. तिथेही तसाच बंद पडला तर विंडोजला दोष देणं सोडा. तिथे उत्तम चालला तर मात्र लगेच विंडोजवर खापर फोडू नका, कारण तेव्हा हार्ड डिस्क जवळपास वापरातच नसते. माझा लॅपटॉप त्या परीक्षेत मस्त पास झाला असता.

'बंद करून चालू केलं' हेही विंडोजमध्ये अर्धसत्य आहे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. खरोखर नव्याने सुरू करायचं असेल तर 'रीस्टार्ट'. आणि जो लॅपटॉप कधीही बंद पडतो, त्यावर बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, अपडेट करायला कधीच बसू नका. अर्ध्यात वीज तुटली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. कारण सापडू द्या, मग अपडेट.

दुकानात द्यायचाच असेल तर तोंडी सांगू नका, चिठ्ठी चिकटवा. मी आता अशी लिहिते: "दुपारी जड कामावर १५-२० मिनिटांत आपोआप बंद होतो. बंद होण्याआधी पंखा मोठा. निळा पडदा येत नाही. चार्जर लावून आणि न लावताही. फॉरमॅट विचारल्याशिवाय करू नये. जुना पार्ट परत द्यावा." शेवटची दोन वाक्यं वाचून काउंटरवरचा माणूस जरा नीट बघतो तुमच्याकडे.

सध्या लॅपटॉप टेबलावर थेट आहे, खाली कापड नाही, आणि कूलरपासून बाजूला सरकवला आहे. अडकत नाही, तापत नाही. बॅटरी अहवालात मात्र पूर्ण चार्ज मूळच्या ५८ टक्क्यांवर आलेला दिसतो. ती दिवाळीनंतर बदलायची आहे. मॉडेलच्या नावावर मागवली तर कनेक्टर वेगळा निघू शकतो असं दिरांनी बजावलंय, तेव्हा आधी झाकण उघडून बॅटरीवरच छापलेला नंबर उतरवून घेईन.